सुहासच्या कार्डांवरचा शेवटचा रकाना

एप्रिलमधल्या त्या सोमवारी मी ऑफिसात सुहासच्या आधी पोचले आणि मनातल्या मनात खूश झाले. जो उशिरा येईल त्याने दोघांची कॉफी आणायची, हा आमचा सात वर्षांचा नियम. न्युरेम्बर्गच्या त्या कंपनीत आमची टेबलं समोरासमोर होती. मध्ये फक्त एक कुंडी, तीही त्याची, पाणी मात्र मी घालायचं. त्याची खुर्ची रिकामी बघून मी म्हटलं, चला, आजची कॉफी याच्याकडे. नऊ वाजले, सव्वानऊ झाले... सुहास उशीर करायचा, पण इतका नाही. मग फोन वाजला. वर्षाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "मेधा, सुहास बाथरूममध्ये पडला गं. नोटआर्झ्ट येऊन गेले. ते म्हणाले..." आणि तातडीने आलेला तो डॉक्टर जे म्हणाला, ते तिने मला जर्मनमध्येच सांगितलं, शब्दाला शब्द. मराठीत ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. मी फोन ठेवला आणि का कोण जाणे, आधी उठून कुंडीला पाणी घातलं.

दाढी करताना गेला. वय एक्कावन्न. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या चेहऱ्यावर साबण. उरलेली अर्धी वर्षाने स्वतः केली, कोणाला हात लावू दिला नाही. या गोष्टीला आता अडीच महिने झाले. इतके दिवस मी लिहायला बसत होते आणि उठत होते. एक तर रडू यायचं. आणि दुसरं म्हणजे, सुहासबद्दल लिहायचं तर आइस हॉकीबद्दल लिहावं लागणार, आणि मला त्यातलं काडीचं कळत नाही. सात वर्षं रोज ऐकून कळलं नाही, आता काय कळणार? पण कळलं नसलं तरी पाठ झालंय, त्याच्या आवाजासकट.

तर तिकडे अमेरिका-कॅनडात आइस हॉकीची एक मोठी लीग आहे. दर जून महिन्यात तिथले संघ जगभरातली अठराएक वर्षांची मुलं पाळीपाळीने निवडून घेतात. त्याला म्हणतात ड्राफ्ट. या वर्षी कोण कोणाला घेईल, कोणता संघ कोणाच्या बदल्यात कोणाला सोडेल, यावर वर्षभर काथ्याकूट करणारी हजारो वेडी माणसं इंटरनेटवर आहेत, आणि त्यांच्यातलाच एक मिरजेचा माणूस माझ्यासमोर बसत होता. सामन्याचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. "मॅच काय गं, कोणीही बघेल," तो म्हणायचा. "कोण येणार, कोण जाणार आणि कोणाच्या बदल्यात, खरी गंमत त्यात." स्वतः त्याला बर्फावर दोन पावलं टाकता येत नव्हती. एकदा मुलाच्या हट्टापायी उतरला, तेव्हा कठड्याला अशी मिठी मारून उभा राहिला की रिंकवरच्या माणसाने येऊन त्याला बाहेर काढलं. हा प्रसंग मी ऑफिसात निदान शंभर वेळा सांगितला असेन. तो दर वेळी हसायचा आणि म्हणायचा, "लग्न जमवणाऱ्याने स्वतः बोहल्यावर चढायची गरज नसते, बाई."

हे लग्नाचं त्याने उगीच आणलेलं नव्हतं. सुहासची आई, माई, मिरजेला घरच्या घरी वधू-वर सूचक केंद्र चालवायची. मोठा बोर्ड नाही, जाहिरात नाही. ओसरीवर एक टेबल, त्यावर लाडवाचा जुना पत्र्याचा डबा आणि डब्यात कार्डं. एका स्थळाला एक कार्ड. माईंची नजर लवकर अधू झाली, म्हणून दहाव्या वर्षापासून कार्डं लिहायचं काम सुहासकडे आलं. तो लिहायचा आणि लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचा, म्हणजे शेजारी भाजी निवडत बसलेल्या माईंना चूक पकडता यावी. नाव... उंची... शिक्षण... स्वभाव... उणं... अपेक्षा. माईंचे नियम कडक होते. मुलाचा फोटो आधी बघायचा नाही. फोटो बघितला की माणूस तेच बघत बसतो. मुलगा बोलतो कसा ते बघायचं नाही, दुसरा बोलत असताना बसतो कसा ते बघायचं. आणि 'उणं' हा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही. ज्याच्यात काही उणं सापडत नाही ते स्थळ आपण नीट बघितलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं.

सुहास इंजिनिअर झाला, जर्मनीत आला, त्याचा मुलगा मिहिर पाच वर्षांचा असताना शेजाऱ्यांच्या पोरांबरोबर बर्फावर जायला लागला, आणि मुलाला आणायला-सोडायला जाता जाता बापाला हे खूळ लागलं. मग एके दिवशी त्याने पापियरवारेनच्या, म्हणजे वह्या-कागदांच्या, दुकानातून कार्टाईकार्टेन आणली, आपली कोरी आखीव कार्डं, ख्रिसमसला ऑफिसात मिळालेला लेबकुखन बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, आणि माईंची पद्धत जशीच्या तशी हॉकीला लावली. दर वर्षी चाळीसेक मुलं. सगळं मराठीत, शाईच्या पेनाने, आणि लिहिताना मोठमोठ्याने बोलत. ती सवय सुटलीच नाही. ऑफिसातसुद्धा ईमेल लिहिताना पुटपुटायचा. मी ओरडायचे, "मनातल्या मनात लिही रे!" तो म्हणायचा, "मग चूक कोण पकडणार?"

त्याने मला किती कार्डं वाचून दाखवली असतील! "स्वीडनचा मुलगा. उंची सहा फूट तीन. घरचं वळण चांगलं, बाप सुतार. नजर तीक्ष्ण. उणं: कोपऱ्यात अंगावर कोणी आलं की डोळे मिटतो." "कॅनडाचा. फार गुणी. उणं: स्वतःचा गोल झाला की नाचतो, दुसऱ्याचा झाला की पाण्याची बाटली शोधतो." मी म्हणायचे, अरे, हे स्थळ नको गं बाई. तो गंभीरपणे मान हलवायचा. "नकोच." माईंच्या कार्डावर शेवटचा रकाना 'अपेक्षा' असायचा. सुहासच्या कार्डावर तिथे 'बदल्यात काय' असं असे. म्हणजे या मुलाला सोडायची वेळ आली तर काय घेऊन सोडावं. दुसऱ्या फेरीतली एक निवड. एक म्हातारा पण शहाणा गोलरक्षक. दोन मधल्या फळीचे. हा रकानाही तो रिकामा सोडत नसे, कारण त्याचं ठाम मत होतं की ज्याला सोडता येणार नाही असा खेळाडू जगात नाही. "माया करणारे संघ बुडतात, मेधा. योग्य बदल्यात कोणालाही सोडावं." सोमवारी सकाळी कॉफी पिताना तो सगळ्या जगाच्या अदलाबदली करायचा. हा बचावपटू तिकडे, तो आघाडीचा इकडे. हॉकी संपली की ऑफिस. आमचा ग्रुपेनलायटर, म्हणजे आमचा साहेब, रेगेन्सबर्गच्या ऑफिसला देऊन टाकावा आणि बदल्यात तिथल्या कँटीनचा आचारी आणावा, हा त्याचा आवडता सौदा होता. मला विचाराल तर तो अजूनही करण्यासारखा आहे.

एकदा मी त्या बापलेकांबरोबर मिहिरचा सामना बघायला गेले होते, रेगेन्सबर्गलाच. मिहिर तेव्हा पंधराचा असेल. थंडीने माझी बोटं गेली, खेळात काय चाललंय कळेना, म्हणून मी सुहासकडे बघत बसले. आजूबाजूचे सगळे आईबाप आपापल्या पोरांच्या नावाने ओरडत होते. सुहास ओरडत नव्हता. मिहिर बर्फावर असताना तो इकडेतिकडे बघायचा, आणि मिहिर बाहेर येऊन बाकावर बसला की पुढे वाकून टक लावायचा. "अरे, तो खेळत असताना बघ की!" मी म्हटलं. "खेळताना सगळेच बरे दिसतात," तो म्हणाला. त्याला मुलाचं कौतुक नव्हतं असं मुळीच नाही. पहाटेच्या सरावांना हाच गाडी काढायचा, ओल्या मोज्यांच्या वासाने भरलेली ती भलीमोठी बॅग हाच उचलायचा. तीन खोल्यांच्या घरात मुलाला स्वतःची खोली असावी म्हणून आपल्या खोलीत यानेच रिगिप्सची, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांची, भिंत घालून दोन भाग केले होते. एका भागात मिहिर झोपायचा, दुसऱ्या भागात टेबल, डबा आणि सुहास. भिंत इतकी पातळ की पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडून 'गेझुंडहाइट' म्हणता यावं. पण तोंडावर कौतुक? छे. तोंडावर खरं बोलायचं, हे माईंचं बाळकडू.

त्यानेच घात केला. या वर्षीची संक्रांत त्यांच्याकडे होती. बारा-पंधरा मराठी माणसं, कोणाचे गुडघे कोणाच्या ताटात. मिहिर आता साडेसतरा वर्षांचा, शहराच्या ज्युनिअर संघात, आणि युरोपातल्या मुलांच्या एका लांबलचक यादीत अगदी शेपटाला का होईना, पहिल्यांदाच त्याचं नाव छापून आलेलं. सगळे त्याचं कौतुक करत होते आणि तो बिचारा वर्षाने हातात दिलेली तिळगुळाची ताटली घेऊन सगळ्यांपुढे फिरत होता. आमची ही इथे वाढलेली पोरं, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तेवढ्यात एका पाहुण्याने मोठ्याने विचारलं, "काय मोहोळकर, मिहिरच्या बदल्यात काय मिळेल हो?" सुहासने विचार केला. खरोखर विचार केला, मी त्याचा चेहरा बघत होते. मग म्हणाला, "आजच्या बाजारात? चौथ्या फळीचा एक गडी, आणि वर पकांचा एक डबा." पक म्हणजे त्या खेळातली काळी रबरी चकती. सगळे हसले. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर मी. मिहिर माझ्यासमोरच उभा होता. त्याने ताटली टेबलावर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन महिने मुलगा बापाशी 'या', 'नाइन' आणि 'पास्ट', म्हणजे हो, नाही आणि चालेल, एवढ्या तीन शब्दांत बोलत होता. पहाटेच्या सरावाला तो ट्रामने जायला लागला, ती बॅग पाठीवर मारून. सुहास खचला. कॉफीच्या वेळी अदलाबदली बंद झाल्या. मार्चमध्ये एकदा कँटीनमध्ये मी त्याला म्हटलं, "अरे, सरळ जाऊन सांग की मी चेष्टा करत होतो." तो म्हणाला, "पण मी चेष्टा करत नव्हतो. त्याचा वेग कमी आहे, मेधा. डावीकडून मागे वळताना जड पडतो. मी काय खोटं सांगू?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हो, सांग! बाप आहेस तू त्याचा, खेळाडू हेरणारा स्काउट नाहीस. बापाने खोटं बोलायचं असतं!" आसपासचे जर्मन बघायला लागले. मग त्याने मला आक्काची गोष्ट सांगितली. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा डावा पाय लहानपणापासून किंचित ओढायचा. तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा सगळे नातेवाईक माईंना म्हणत होते की एवढं कार्डावर लिहू नका, साडीत कळत नाही. माईंनी सुहासकडून लिहवून घेतलं, 'उणं: डावा पाय ओढते.' आक्का शेजारच्या खोलीत ऐकत होती. "आक्का रडली?" मी विचारलं. "रडली की," तो म्हणाला. "पण जे आले ते वाचून आले. आज पस्तीस वर्षं सुखात आहे." मी म्हटलं, "आक्काला तेव्हा कसं वाटलं, ते कधी विचारलंस?" त्याने ट्रे उचलला आणि गेला. दोन दिवस आम्ही धड बोललो नाही.

तो गेल्यावर इथल्या रीतीप्रमाणे कागद, परवानग्या, अंत्यविधीची तारीख मिळायला आठ दिवस. ते सगळं झाल्यावर एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. वर्षा खाली केलरमध्ये, तळघरात, काहीतरी आणायला गेली होती. मी सुहासच्या त्या अर्ध्या खोलीत उभी होते. टेबल आवरलेलं, पेनाला टोपण लावलेलं, डबा बंद. मिहिर दारात येऊन उभा राहिला. बापाच्या उंचीच्या वर गेलाय आता. म्हणाला, "मावशी, लीस्ट दू मिअर माइन्स फोअर?" माझं वाचून दाखवतेस का, असं विचारत होता. मला आधी कळलंच नाही. मग त्याने डब्याकडे बोट दाखवलं. देवनागरी त्याला वाचता येत नाही. वर्षाने लहानपणी प्रयत्न केला, पण सरावाच्या वेळा आणि मराठीची शिकवणी यांत सराव जिंकला. मी म्हटलं, "आई येऊ दे. आई वाचेल." तो जर्मनमध्येच म्हणाला, "आई नको. आई बदलून वाचेल."

मी डबा उघडला. आत या वर्षीची कार्डं होती, आडनावाप्रमाणे लावलेली. मोहोळकर. सुहासचं ते गोल, सुटं, शाळकरी अक्षर... मी वाचायला लागले. नाव: मिहिर सुहास मोहोळकर. जागा: डावा बचाव. उंची पाच फूट अकरा. घरचं वळण: आईचं चांगलं. इथे मला हसू आलं आणि मिहिरलाही आलं. स्वभाव: शांत. राग आला की बोलत नाही. बर्फावर राग काढत नाही. बाकावर: दुसऱ्याचा गोल झाला की आधी हा उभा राहतो. या वर्षी एकही सामना असा झाला नाही की हा उभा राहिला नाही. मग पुढचा रकाना आला. उणं. मी ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि मला संक्रांतीचं माझं हसणं आठवलं. हा पोरगा तेव्हा ताटली घेऊन माझ्यासमोर उभा होता. मी म्हटलं, आता नाही. बाप गेलेल्या पोराला मी हे वाचून दाखवणार नाही. मी वाचलं, "उणं: डावीकडून वळताना थोडा जड. सरावाने जाईल." आणि पुढे सरकले.

"दू हास्ट वास आउसगेलासन," मिहिर म्हणाला. तू काहीतरी सोडलंस. मी म्हटलं, नाही रे. तेव्हा तो भिंतीला टेकून, खाली बघत, मराठीत बोलायला लागला. मी त्या मुलाला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखते, मी त्याच्या तोंडून मराठीचं एक सबंध वाक्य कधी ऐकलं नव्हतं. "डावीकडून मागे वळताना जड. वेग कमी. मेहनतीने थोडा वाढेल, फार नाही. या वर्षी निवड होणार नाही. पुढच्या वर्षीही कठीण." सगळं सुहासच्या चालीत. प्रत्येक शब्दानंतर तेवढाच विराम, पेन पुढे सरकायला लागतो तेवढा. पुढे त्याने सांगितलं ते जर्मनमध्ये होतं, मी मराठीत लिहिते आहे: तो लहान असल्यापासून रोज असाच झोपायचा. भिंतीपलीकडून बाबा स्वीडनच्या, फिनलंडच्या, कॅनडाच्या मुलांबद्दल बोलत असायचे, आणि ते ऐकत ऐकत त्याला झोप लागायची. त्याचं स्वतःचं कार्ड लिहिलं गेलं तो बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीचा रविवार होता, संध्याकाळ. तो पलंगावर पडून ऐकत होता. सगळं ऐकू आलं. फक्त शेवटचं आलं नाही. 'बदल्यात काय' एवढं बाबा मोठ्याने म्हणाले आणि मग थांबले. खूप वेळ काहीच नाही. मग पेनाचा आवाज आला, अगदी थोडा, आणि त्याच्याबरोबर बोलणं नाही. मग टोपण लावल्याचा आवाज. "फार छोटं लिहिलं होतं," मिहिर म्हणाला. "म्हणून मला वाटलं, पकांचा डबा लिहिला असेल."

तो उठून विचारणार होता. सकाळी विचारू म्हणाला. सकाळी सोमवार होता.

मी कार्ड खिडकीपाशी नेलं. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. पुसले आणि वाचलं. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द होते. बदल्यात काय: सोडायचा नाही.

ज्या माणसाने बारा वर्षांत शेकडो कार्डं लिहिली आणि एकाही कार्डावर हे लिहिलं नाही, ज्याने मला सात वर्षं सोमवारी सोमवारी सांगितलं की योग्य बदल्यात कोणालाही सोडावं, त्याने हे दोन शब्द लिहिले आणि ते मोठ्याने म्हणायची त्याची छाती झाली नाही. एकदा म्हणाला असता तर! भिंत केवढी, बोटाएवढी. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला की मी खिडकीला धरून हुंदके देत रडले. मिहिर म्हणाला, "नोखमाल." पुन्हा. मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याचे ओठ हलत होते. त्याने मला विचारलं, 'सोडायचा नाही' यातलं 'नाही' कुठे आहे? मी पेन्सिलने त्याच्याखाली बारीक रेघ मारून दिली. कार्ड त्याने हातात धरलं, बघितलं, आणि वर्षाच्या पायांचा आवाज जिन्यात आला तेव्हा पुन्हा डब्यात ठेवलं, जिथून काढलं होतं तिथेच. मी म्हटलं, तुझ्याजवळ ठेव ना. तो म्हणाला, नाही, अजून ते पुरं झालेलं नाही.

कार्ड पुरं होणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. दर जूनमध्ये ड्राफ्ट झाला की रविवारी सकाळी सुहास पूर्ण यादी छापून घ्यायचा, नाश्त्याचे ब्रोटशेन पाव आणि लोणी बाजूला सारून टेबलावर सगळी कार्डं मांडायचा, आणि प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायचा: निवड, कितवी फेरी, कोणता संघ. किंवा, नाही. आपला अंदाज चुकला असेल तर तेही लिहायचा. ते लिहून झालं की त्या वर्षीची कार्डं दोरा बांधून कपाटात जायची. यंदा ते काम करायला कोणी नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी दहाला माझ्या दाराची बेल वाजली. मिहिर. काखेत डबा, हातात छापलेली यादी, खिशात लाल पेन. वर्षा मागून आली, तिने घरून पोहे करून आणले होते. आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो. मिहिर यादी वाचायचा, मी कार्ड शोधायचे आणि लाल पेनाने लिहायचे, वर्षा शाई सुकेपर्यंत कार्डं वेगळी धरायची. कोपऱ्यात डोळे मिटणारा स्वीडनचा मुलगा गेल्याच वर्षी निवडला गेला होता; यंदा त्याच्यासारखे पाच होते. सुहासचे बरेच अंदाज बरोबर आले. एका फिनलंडच्या मुलाबद्दल त्याने 'पहिल्या फेरीत जाईल' असं लिहिलं होतं, तो जेमतेम सहाव्यात गेला, आणि आम्ही तिघंही त्या चुकीवर असे हसलो की जणू सुहास समोर बसला आहे आणि आता वाद घालेल. होता होता सगळी यादी संपली. टेबलावर एकच कार्ड उरलं. यादीत ते नाव नाही हे मिहिरला आदल्या रात्रीपासून माहीत होतं, मला माहीत होतं, वर्षाला माहीत होतं. सुहासला तर एप्रिलपासूनच माहीत होतं.

मी लाल पेन हातात धरून बसले. मला लिहवेना. एकच शब्द, रोजचा शब्द... पण हात उठेना. वर्षा खिडकीबाहेर बघत होती. मिहिरने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. कार्ड स्वतःकडे ओढलं, उलटसुलट करून शेवटचा रकाना शोधला, पेन्सिलच्या रेघेवरचा तो शब्द सापडेपर्यंत बोट फिरवलं. मग त्या शब्दाकडे बघत बघत, वर कोपऱ्यात, तो तसाच्या तसा उतरवायला लागला. आधी न, मग त्याचा काना राहिला म्हणून परत मागे, मग ही. वाकडंतिकडं, बालवाडीतल्या मुलाने काढावं तसं. आणि लिहिताना तो मोठ्याने म्हणत होता, "ना... ही," शेजारी बसलेल्या कोणालातरी चूक पकडता यावी म्हणून.